ग्रेव्हीच्या भांड्याचा तळ

पुलाखाली

नवे बूट. अर्नल्डला आधी तेच दिसले. पुलाच्या कमानीखाली उभा असलेला धाकटा भाऊ, त्याची टोपी, त्याचं पोट हे सगळं नंतर. कालव्याकाठच्या चिखलात नवे बूट घालून कोण येतं? जो इथला राहिला नाही तो.

"काय तरण्या!" क्लाइव्हनं हाक मारली. अर्नल्ड टॅम्स बहात्तर वर्षांचा होता, पण इथे पुरुष शवपेटीत जाईपर्यंत तरणाच असतो.

"बूट चावतील तुला."

"चावले तर पाठुंगळी घे. लहानपणी घ्यायचास."

"तेव्हा तू एकटा होतास. आता दोन माणसं झालायस."

क्लाइव्ह खो खो हसला. समुद्राकाठी राहायला गेल्यापासून त्याचं हसणंही रुंद झालं होतं. दोघं घोडवाटेला लागले. पूर्वी बोटी ओढणारे घोडे हिच्यावरून चालत, आता कुत्री फिरवणारे चालतात.

अर्नल्डच्या पाठपिशवीत पाण्याची बाटली होती, रेनकोट होता आणि सगळ्यात खाली इस्त्री केलेला एप्रन होता. कारखान्यातला, मांडीपर्यंत येणारा. बायको, बेरिल, गेल्यापासून त्यानं शर्टालाही इस्त्री लावली नव्हती.

तो एप्रन म्हणजे उत्तर होतं. प्रश्न क्लाइव्हनं फोनवर विचारला होता. बर्डेकिनचा बंद पडलेला चिनीमातीचा कारखाना शनिवारी उघडतोय, म्युझियम म्हणून. साच्यांच्या खोलीतलं तुझं मेज अजून जागेवर आहे. तू त्या मेजाशी उभा राहशील का? प्लास्टर कालवायचं, साचा ओतायचा, लोकांना दाखवायचं. दर शनिवारी, जमेल तोवर.

"चालता चालता सांगतो," अर्नल्ड म्हणाला होता. आणि फोन ठेवून बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसला होता. टीव्हीच्या रिमोटपुरते उरलेले हात.


गाव सांगतं ती गोष्ट

बर्डेकिननं नाव विकलं तेव्हाची. नाव, ठसा, नक्षी, सगळं समुद्रापलीकडच्या कोणाला तरी. आम्ही म्हणालो, नाव न्या, मूळ साचे मिळणार नाहीत. कामाचा साचा झिजतो आणि फेकावा लागतो. मूळ साचा राहतो, त्याच्यापासून हवे तितके नवे काढता येतात. तो नसला तर दुकानातलं भांडं आणून त्याची नक्कल करत बसा. माती भाजताना आकसते, म्हणून नक्कल नेहमी थोडी लहान आणि थोडी बोथट. साचे फोडायचे म्हणून कँटीनमध्ये हात वर झाले, एकूण एक. पण फोडणार कोण? किल्ल्या फोरमनकडे, आणि फोरमन क्लाइव्ह टॅम्स. रविवारी चर्चच्या घंटा वाजत असताना तो एकटा आत गेला आणि बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. घणानं फोडले, सगळे. दुसऱ्या दिवशी कालव्याकाठच्या खापरांच्या ढिगावर पांढरे तुकडे पडलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. मालक हात चोळत बसले. त्या दिवसापासून त्याचं नाव हातोडा. हातोडा क्लाइव्हला या खोऱ्यात स्वतःच्या खिशातून बिअर घ्यावी लागलेली कोणाला आठवत नाही. आणि आवाज तर पार वरच्या रस्त्यापर्यंत येत होता, बरं का. आम्ही ऐकलाय.

(हे शेवटचं वाक्य अर्नल्डही सांगायचा. प्लास्टर फुटताना आवाज होत नाही, पिठाची गोणी पडावी तसं नुसतं धप्प होतं, हे त्याला नाही तर कोणाला माहीत? तरी सांगायचा.)


गारगोटीची गिरणी

गिरणीचं पाणचाक फिरत होतं. पूर्वी इथे चिनीमातीत मिसळायची गारगोटी दळत. लाल बनियनातल्या एका स्वयंसेवकानं झडप उघडून पाणी सोडलं होतं, आणि पुलावरचे पाहुणे फोटो काढत होते.

"बघ, हेच करायचंय आपल्याला," क्लाइव्ह म्हणाला. "जिवंत काहीतरी."

"ते काही दळत नाहीये."

"फिरतंय तर खरं."

"मीही फिरतो. ब्रेड आणायला."

"तुझ्या तोंडाला कोणी म्युझियममध्ये ठेवायला हवं, आर्न." क्लाइव्हनं दगडावर बूट टेकवून नाडी सैल केली. "घण ठेवलाय. काचेच्या कपाटात, आतून दिवा लावून. मी नको म्हणत होतो."

"म्हणाला नसशील."

"एकदा म्हणालो." तो पुन्हा हसला. "ती गोष्ट शनिवारी तू सांगावीस असं मला वाटतं. माझ्या तोंडून बरी नाही दिसत."

अर्नल्ड आतून सुखावला. या भावाविषयी त्याच्या मनात बरंच काही साठलेलं होतं. बापाची कबुतरं त्यानं न विचारता विकली होती. आईच्या शेवटच्या आजारात आठवड्यातून एकदा फुलं घेऊन यायचा आणि कोट न काढता परत जायचा. बेरिलच्या अंत्यविधीला उशिरा पोचला होता. प्रत्येक वेळी अर्नल्ड मनात हिशेब मांडायला बसायचा, आणि प्रत्येक वेळी तो रविवार आडवा यायचा. ज्या माणसानं साचे फोडले त्याला आणखी काय विचारायचं?


खापरांचा ढीग

साचे पडले होते त्या जागी अर्नल्ड नेहमी टोपी काढतो. कोणी बघत असो वा नसो. ढीग आता ढिगासारखा दिसत नाही. ब्रॅम्बलची काटेरी झुडपं वाढलीत, काळी झालेली फळं लटकतायत. पण बुटानं उकरलं की खालून फुटक्या कपांचे कान निघतात, बशांच्या कडा निघतात. प्लास्टर काही निघत नाही. इतक्या वर्षांच्या पावसात ते विरघळून गेलं.

त्यानं एक तुकडा उचलला आणि उलटा केला. सवय. या गावातला माणूस राजवाड्यात जेवायला बसला तरी आधी ताट डोक्याच्या वर धरून खालचा ठसा वाचणार. अर्नल्ड ठशाशिवाय आणखी एक गोष्ट शोधायचा. उमेदवारी संपल्यावर त्यानं एकट्यानं केलेला पहिला मूळ साचा ग्रेव्हीच्या भांड्याचा होता. लांबट पोट, उंच कान, आणि ओतून झाल्यावर एक थेंबही मागे न ओघळणारी चोच. कारागिरानं नाव घालायचं नसतं. त्यानं तळाच्या कडेला तीन रेघा कोरल्या, पाखराच्या पावलासारख्या. कोणाला दिसल्या नाहीत. फक्त क्लाइव्हला दिसल्या, कारण तेव्हा तो ओतकामाला होता आणि ओली भांडी साच्यातून रोज तोच काढायचा. "आर्न," तो ओरडायचा, "तुझी कोंबडी आज पुन्हा चालून गेली रे!"

हातातल्या तुकड्यावर कोंबडी नव्हती. अर्नल्डनं तो ठेवून दिला.

क्लाइव्ह थांबला नव्हता. बूट चावत असतानाही तो ढिगापासून बराच पुढे गेला होता.


चुनाभट्ट्यांपाशी, मनातल्या मनात

येईन म्हणतो, पण फक्त दोन शनिवार.

नको. भीक घातल्यासारखं वाटतं.

क्लाइव्ह, तू त्या दिवशी जे केलंस त्याच्याबद्दल मी तुला कधी

नको. जीभ अडकेल आणि तो हसेल.

काहीच बोलायचं नाही. पबमध्ये बिअरची पाइंट समोर आली की पिशवीतून एप्रन काढून मेजावर ठेवायचा. त्याला कळेल.

हे ठरलं. काळवंडलेल्या चुनाभट्ट्यांच्या तोंडातून फर्न लोंबत होते. त्यांच्या पुढच्या वळणावर कारखान्याचं धुराडं दिसायला लागलं, आणि अर्नल्डची पावलं नकळत भरभर पडू लागली.


'बोटमन'

"हातोडा! अगंबाई, हातोडा आला!" ग्लेनिस काउंटरमागून ओरडली. तिचा बाप बर्डेकिनच्या भट्ट्या पेटवायचा. 'बोटमन' पब तिनं नवऱ्याच्या मागे एकटीनं चालवला होता. "आणि बरोबर हा सुतकी चेहऱ्याचा भाऊ. बसा. पाय काढ रे खुर्चीवरून, क्लाइव्ह, ही तुझी समुद्राकाठची बाग नाही."

"पाय मेलेत माझे, ग्लेनिस."

"बूट बघितले मी. बायकोनं घेतले ना? विम्याचे पैसे हवे असतील तिला."

खिडकीजवळचं मेज मिळालं. खिडकीबाहेर कालवा, एक हिरवी बोट, बोटीच्या टपावर जिरेनियमच्या कुंड्या. दोन पाइंट आल्या. अर्नल्डनं पिशवी मांडीवर घेतली, चेन अर्धी उघडली. एवढ्यात ग्लेनिस जेवणाच्या ताटल्या घेऊन आली: मांस भरलेली पाई, चिप्स, कुस्करलेले हिरवे वाटाणे.

"नवीन सेट घेतला बघा," ती म्हणाली. "बर्डेकिन. म्हटलं, म्युझियम उघडतंय, पाहुणे येणार, नाव तरी गावाचं असू दे."

दोघा भावांनी एकाच वेळी ताटल्या वर उचलल्या, चिप्स सांभाळत, माना मागे टाकून. मुकुट, त्याखाली नाव. बाकी काही नाही.

"नाव आहे," अर्नल्ड म्हणाला. "कुठं भाजलं ते लिहायची लाज वाटली."

"काठ बघ किती जाड. बॅट आहे नुसती," क्लाइव्ह म्हणाला.

मग त्यानं व्हिनेगरची कुपी उलटली. मग मिठाची. मग मोहरीचं चिमुकलं भांडं उलटं करून वाचलं आणि नाक मुरडलं. तोवर ग्लेनिसनं ग्रेव्ही आणून मधोमध ठेवली. लांबट पोट, उंच कान.

"नक्कल," क्लाइव्ह लगेच म्हणाला. "जिकडेतिकडे निघाल्यात आता." आणि भांडं दोन्ही हातांनी उचलून त्यानं आपल्या बाजूला ठेवलं, खिडकीपाशी, पडद्याच्या कडेला.

उलटं करून पाहिलं नाही.

अर्नल्ड चिप खात होता. ती त्यानं अर्धी खाऊन ठेवली.

"ग्रेव्ही दे."

"गरम आहे, मी ओततो."

"मला हात आहेत."

क्लाइव्हनं भांडं सरकवलं. अर्नल्डनं उचललं, आणि अंगठा कानाच्या वळणावर आपोआप बसला. नकलेत तो बसत नाही, कान लहान येतो. त्यानं पाईवर धार धरली आणि मनगट झटकन सरळ केलं. चोचीच्या टोकाशी थेंब आला, थांबला, आत परतला.

"नक्कल छान झालीय," अर्नल्ड म्हणाला.

"आर्न. खा. गार होतंय."

"सगळं उलटून बघितलंस. मोहरीसुद्धा. हे नाही बघितलंस."

"भरलेलं आहे ते. सांडेल."

"ताटलीही भरलेलीच होती."

क्लाइव्हनं पाइंट उचलली, पण प्यायला नाही. अर्नल्डनं उरलेली सगळी ग्रेव्ही आपल्या ताटलीत ओतली, पाई, चिप्स, वाटाणे बुडून काठाला लागेपर्यंत. भांडं उलटं केलं. तळाला ग्रेव्हीचा ओघळ आलेला होता. ग्लेनिसनं स्वयंपाकघरात ओल्या ओट्यावर टेकवलं असणार. पुसायला काहीतरी हवं होतं. हात पिशवीत गेला, पाण्याच्या बाटलीखाली, रेनकोटखाली, आणि हाताला लागलं ते त्यानं ओढून काढलं. इस्त्रीची घडी मोडली.

त्यानं एप्रनच्या टोकानं तळ पुसला. चष्मा कपाळावर सरकवून जवळ धरला.

तीन रेघा.


क्लाइव्ह सांगतो ती गोष्ट

"कधी?"

"त्याच रविवारी. मूळ साच्यांसाठी गाडी मागच्या फाटकाला लावली होती मालकांनी."

"आणि ढिगावर पडलं होतं ते?"

"कामाचे साचे. झिजलेले. ते फोडले मी. खरंच फोडले, आर्न, पांढरा झालो होतो ते खोटं नव्हतं."

"हात वर केले होते आम्ही."

"मीही केला होता."

"हो. मी तुझ्या शेजारी उभा होतो."

"ते म्हणाले, मूळ साचे गुपचूप द्या, गोदाम दोन वर्षं चालू ठेवतो. बांधाबांधीला तीस माणसं. नावं मी द्यायची."

"माझं नाव?"

"सगळ्यात वर."

अर्नल्डनं भांडं सरळ करून मेजावर ठेवलं.

"आता बोल की. दोन वर्षं तू दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन बेरिलला सूप भरवायचास. पाच मिनिटांची वाट. ते गोदाम नसतं तर तू बर्मिंगहॅमला गेला असतास कामाला, आणि ती वॉर्डात गेली असती, अनोळखी लोकांत."

"बेरिलला यात ओढू नकोस."

"मी नाही ओढलं. ती होतीच त्यात."

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाला असतास."

"हो."

"आणि मग?"

अर्नल्डला आठवलं ते गोदाम. गवतात गुंडाळलेल्या बशा, पेट्या, खिळे. दुपारी घरात शिरल्यावर येणारा सूपचा वास, उशीवरून त्याच्याकडे वळणारं डोकं. ती दोन वर्षं त्यानं कोणाच्याही उपकाराशिवाय मिळालेली म्हणून जपली होती.

"हातोडा म्हणून हाक मारली की ओ द्यायचास तू," तो शेवटी म्हणाला.

"एकदा दिली. मग काय करणार? प्रत्येक पबमध्ये उभा राहून सांगू?" क्लाइव्हनं पाइंट बाजूला सारली. "गावालाच हवं होतं ते. तुलाही. आवाज ऐकला म्हणून सांगत फिरायचास. प्लास्टरचा आवाज! मी ऐकायचो आणि वाटायचं, याला माहीत आहे. याला सगळं माहीत आहे आणि हा मला सांभाळून घेतोय."

"मला माहीत नव्हतं."

"आता कळतंय मला ते."


तेच मेज

ग्लेनिस ताटल्या उचलायला आली तर दोन्ही तशाच भरलेल्या.

"काय झालं? पाई कच्ची आहे का?"

"मस्त आहे," क्लाइव्ह म्हणाला.

"मग खा ना, मेल्यांनो. हे भांडं कोणी रिकामं केलं? अर्नल्ड, पोहायचंय का तुला त्यात?" तिनं भांडं उचललं. "भरून आणते. शनिवारी मी येतेय, सांगून ठेवते. पब बंद ठेवून येणार. गोष्ट कोण सांगणार आहे, घणाची? अर्नल्ड, तूच सांग. माझा बाप शेवटी कोणाला ओळखत नव्हता, मलासुद्धा नाही. पण कँटीनमध्ये हात वर केला होता एवढं सांगायचा. नर्सला सांगायचा. असा हात करून दाखवायचा." तिनं रिकामं भांडं धरलेला हात वर केला, खांद्याच्या वर, आणि तळ अर्नल्डच्या डोळ्यांसमोर आला.

क्लाइव्ह त्याच्याकडे बघत होता. डोळ्यांत भीती होती. नव्या बुटांचा, रुंद हसण्याचा तो माणूस कुठेतरी गेला होता, आणि कबुतरं विकून दाराआड उभा राहिलेला पोरगा तेवढा समोर बसला होता.

अर्नल्डनं तोंड उघडलं. तिचा वर झालेला हात अजून खाली आला नव्हता.

"क्लाइव्हच सांगेल," तो म्हणाला. "त्याला पाठ आहे."

ती हसत आत गेली. भरलेलं भांडं परत आणून ठेवलं.

"तू येणार आहेस ना?" ती गेल्यावर क्लाइव्हनं हळूच विचारलं. "तिला काही बोलला नाहीस, म्हणून विचारतो. तुझं मेज पुसून ठेवलंय, आर्न. प्लास्टरची गोणीसुद्धा आणलीय. चांगल्यातलं."

चांगलं प्लास्टर बोटांना कसं लागतं, पाण्यात पडताना कसं बेटासारखं थांबतं आणि मग बुडतं, घट्ट होताना आतून कसं ऊब देतं. हे सगळं अर्नल्डच्या तळहाताला एकदम आठवलं. त्यानं मूठ मिटली.

मग एप्रन उचलला. डाग आत जाईल अशी घडी घातली, पुन्हा एक घडी, आणि भावासमोर ठेवला.

"हा कपाटात ठेव. घणाशेजारी. जागा असेल."

"आणि मेज?"

"ते उभं राहील एकटं. सवय झालीय त्याला."


खिडकीबाहेरून

परत जायची वाट खिडकीखालूनच होती. अर्नल्डनं ठरवलं होतं की आत बघायचं नाही, आणि त्यानं बघितलं.

क्लाइव्ह अजून तिथेच होता. मेजाखाली बूट काढून ठेवलेले, पाय मोज्यांत. एप्रन मांडीवर घेतला होता. त्यानं ग्रेव्हीचं भांडं ओढून घेतलं आणि गार झालेल्या पाईवर धार धरली. बघत होता तो मांडीवरच्या एप्रनकडे, भांड्याकडे नाही. आता मेजावर सांडणार, आता एप्रनवर.

अर्नल्डची नजर भावाच्या तोंडाकडे जायला हवी होती. ती चोचीवर खिळली. थेंब टोकाशी आला, थांबला.

आत परतला.

अर्नल्डला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचा त्याला इतका संताप आला की तो चुनाभट्ट्या ओलांडून गेला तरी त्याच्या लक्षात आलं नाही. आणि खापरांच्या ढिगापाशी आला तेव्हा हात सवयीनं टोपीकडे गेला, तो त्यानं तिथल्या तिथे खाली ओढला.